‘ओरिजिनल’ एमराल्ड आणि आठ हजारांचा फटका

जाहिरातीतला पहिला फोटो नेहमी समोरून काढलेला असतो. हिरवं अर्धपारदर्शक प्लास्टिक, त्यावर रेक्वाझा या हिरव्या ड्रॅगनसारख्या पोकेमॉनचं चित्र, खाली ओळ: ‘पोकेमॉन एमराल्ड, १०० टक्के ओरिजिनल, सेव्हिंग चालू’. किंमत आठ-नऊ हजार रुपये. निन्टेन्डोच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्राची ही कॅसेट परदेशात खोक्याशिवाय, नुसती सुटीसुद्धा शंभर डॉलरच्या बरीच वर जाते. ज्याला हा भाव माहीत आहे त्याला आठ हजार म्हणजे लॉटरी वाटते, आणि गळ टाकलेला असतो तो नेमका त्याच्यासाठी. ज्याला भावच माहीत नाही तो इतके पैसे काढणारच नाही.

मागच्या बाजूचा फोटो मागितला की उत्तर ठरलेलं. ‘भाऊ, अजून दोघं विचारतायत, हजार टोकन टाका, तुमच्यासाठी ठेवतो.’ कॅसेट घरी येते, चालू होते, सेव्हही होते. पहिले काही आठवडे तक्रारीला जागाच नसते. इथे फसवणूक उघडी पडायला वेळ लागतो आणि तोपर्यंत विकणाऱ्याचा नंबर बंद झालेला असतो. हीच नकली कॅसेट चिनी घाऊक साइटवर काही शे रुपयांना मिळते.

उशीर का लागतो ते समजून घ्यायला आतली रचना पाहावी लागते. खऱ्या एमराल्डमध्ये खेळाची प्रगती फ्लॅश मेमरीत साठते. १ मेगाबिटची, म्हणजे १२८ केबीची ही चिप वीज नसतानाही माहिती धरून ठेवते. आत सीआर १६१६ बटण-सेल असतो, पण तो फक्त घड्याळ चालवायला. सेल संपला की खेळ सुरू होताना बॅटरी संपल्याचा संदेश येतो, बेरी उगवणं आणि वेळेवर अवलंबून असलेल्या गोष्टी थांबतात, पण सेव्ह शाबूत राहतं. नकलेत फ्लॅशऐवजी बऱ्याचदा स्वस्त एसरॅम बसवलेली असते आणि प्रोग्राममध्ये त्यानुसार फेरफार केलेला असतो. एसरॅमला सतत वीज लागते, ती तोच सेल पुरवतो. सेल उतरला की ऐंशी तासांचा खेळ एका रात्रीत पुसला जातो. काही नकलांत तेवढाही धीर नसतो. एलिट फोर या शेवटच्या चार प्रतिस्पर्ध्यांना हरवल्यावर खेळ हॉल ऑफ फेमची, म्हणजे विजेत्यांच्या यादीची, मोठी नोंद करायला जातो आणि तिथेच सेव्ह फाइल बिघडते. फायररेड या त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या पोकेमॉन खेळाच्या नकलेत ‘१ एम सब-सर्किट बोर्ड बसवलेला नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. खेळ फ्लॅश चिप शोधतो आणि ती जागेवर नसते, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून ‘सेल गेलाय, त्यामुळे सेव्ह राहत नाही, बदलून घ्या’ असं कोणी एमराल्डबद्दल सांगितलं, तर त्याने नकळत कबुलीच दिली असं समजा. तेच वाक्य पोकेमॉनच्या आधीच्या पिढीतल्या गोल्ड, सिल्व्हर किंवा क्रिस्टलबद्दल मात्र खरं असू शकतं, कारण गेम बॉय कलरच्या त्या खऱ्या कॅसेटमध्ये सेव्ह सेलवरच टिकतं. गडबड होते ती एका पिढीचा नियम दुसऱ्या पिढीला लावल्याने, आणि विकणारे तिचा पुरेपूर फायदा घेतात.

ओळख पटवायला चार फोटो मागा आणि ते दिवसाच्या उजेडात काढायला सांगा.

पहिला, खालच्या फटीचा. कॅसेट उलटी धरून कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांकडे पाहिलं की त्यांच्या वर, हिरव्या बोर्डावर, ‘निन्टेन्डो’ असं बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेलं दिसतं. नकलेत ते नसतं किंवा फराटलेलं असतं. दुसरा, लेबलचा तिरक्या उजेडातला. खऱ्या लेबलवर उजव्या बाजूला दोन अंकांचा दाबून उठवलेला ठसा असतो, कधी सोबत एखादं अक्षर. हा शाईने छापलेला नसतो, कागदात दबलेला असतो, त्यामुळे समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत तो दिसतच नाही. पुष्कळ लोक इथे घाईने खऱ्या कॅसेटला खोटी ठरवतात. तिसरा, लेबलवरच्या कोडचा. अमेरिकन एमराल्डचा कोड एजीबी-बीपीईई-यूएसए, जपानीचा एजीबी-बीपीईजे-जेपीएन. जपानी कॅसेट अगदी खरी असूनही तिचा भाव अमेरिकनपेक्षा बराच कमी असतो, आणि ‘ओरिजिनल आहे’ एवढं सांगून ती अमेरिकन भावात खपवली जाते. हा प्रकार कायद्याने पकडणंही अवघड, कारण बोललेलं खरंच असतं.

चौथा फोटो बोर्डाचा. मागचा स्क्रू वाय आकाराचा, तीन पाकळ्यांचा असतो. त्याचा स्क्रूड्रायव्हर फार महाग नसतो. निन्टेन्डोच्या जुन्या कॅसेटींना, म्हणजे एनईएस, एसएनईएस आणि पहिल्या गेम बॉयला, ३.८ मिलिमीटरचा गेमबिट नावाचा वेगळा स्क्रूड्रायव्हर लागतो. खऱ्या एमराल्डचं बोर्ड उघडलं की चौकोनी, नीट पाय असलेल्या, वर कंपनीचं चिन्ह आणि नंबर छापलेल्या चिप दिसतात. नकलेत अनेकदा डांबराच्या ठिपक्यासारखा काळा इपॉक्सीचा गोळा असतो. ‘उघडली तर सील तुटेल, किंमत पडेल’ ही सबब सुट्या कॅसेटला लागू नाही. सुट्या कॅसेटला सील नसतंच.

समोरासमोर व्यवहार असेल तर आणखी पक्की परीक्षा आहे. निन्टेन्डो डीएस किंवा डीएस लाइटच्या खालच्या खाचेत एमराल्ड लावायची, वर डायमंड किंवा पर्ल हा डीएसवरचा पोकेमॉन खेळ लावायचा. त्या खेळात पाल पार्कपर्यंत, म्हणजे जुन्या कॅसेटमधले पोकेमॉन आणता येतात त्या जागेपर्यंत, पोचलेलं सेव्ह असेल, तर मेन्यूत एमराल्डमधून पोकेमॉन हलवण्याचा पर्याय दिसतो. नकली कॅसेट बहुधा इथे गळपटते. डीएसआयला ही खाचच नाही, त्यामुळे ‘माझ्याकडे डीएसआय आहे, त्यावर बघा’ म्हणणाऱ्याकडे हसून पाहावं.

हार्टगोल्ड आणि सोलसिल्व्हर या पोकेमॉन खेळांची तपासणी त्याहून सोपी. या डीएस कॅसेटींत पोकेवॉकर या पावलं मोजणाऱ्या जोडयंत्रासाठी इन्फ्रारेड यंत्रणा असल्यामुळे प्लास्टिक काळं दिसलं तरी मागून मोबाइलचा टॉर्च धरल्यावर कडांना लालसर प्रकाश झिरपतो. कोडचा मधला भागही आय अक्षराने सुरू होतो, हार्टगोल्डचा आयपीकेई. प्लास्टिक ठार अपारदर्शक असेल तर पुढे बोलायची गरज नाही.

खोक्यासकट पूर्ण संच घेताना फसवणूक जास्त हुशारीची असते. कॅसेट खरी, खोकं आणि माहितीपुस्तिका मात्र परवा छापलेली. भाव पूर्ण संचाचा लागतो आणि तो सुट्या कॅसेटच्या दुप्पट-तिप्पट सहज असतो. यात नुकसान किती होतं हे लोकांच्या लक्षात येत नाही, कारण खेळ खरा निघाला म्हणून ते निर्धास्त असतात. इथे कामाला येतं ते तीसपट मोठं दाखवणारं भिंग, तिकिटं जमवणारे आणि सराफ वापरतात तसलं. कारखान्यात ऑफसेटवर छापलेल्या खोक्यावर रंगाचे ठिपके नेमक्या कोनांत, छोट्या फुलासारख्या वर्तुळांत बसलेले दिसतात, आणि काळी बारीक अक्षरं एकसंध काळ्या शाईची, धारदार कडांची असतात. घरच्या इंकजेटवर शाईचे शिंतोडे विस्कटलेले दिसतात. सगळ्यात बोलका पुरावा काळ्या अक्षरांचा. मूळ खोकं स्कॅन करून पुन्हा छापलं की काळी अक्षरंही निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांची बनतात आणि कडा पिसारतात. बारकोडखालचे आकडे आणि कायदेशीर मजकुराची सर्वात लहान ओळ आधी तपासा, चित्र नंतर. चित्रावर सगळेच मेहनत घेतात.

सीलबंद खेळांच्या वाटेला न जाणंच बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे. निन्टेन्डोच्या जुन्या खोक्यांवर मागच्या बाजूने आडवा जोड असलेलं प्लास्टिक असे, संग्राहक त्याला एच-सीम म्हणतात. प्लेस्टेशनच्या अमेरिकन खेळांवर कडेला वाय आकाराची घडी. दोन्ही प्रकार आज पुन्हा घालून मिळतात. श्रिंक फिल्म आणि हीट गन कुठेही विकत मिळते, आणि सील उघडून आत पाहायचं नाही हा या छंदाचा अलिखित नियमच विकणाऱ्याचं कवच बनतो.

हे किती लांबपर्यंत जाऊ शकतं ते २०२२ मध्ये जुन्या पीसी गेमच्या संग्राहकांत दिसलं. अ‍ॅपल टू संगणकासाठी १९८० च्या सुमारास निघालेले अकालाबेथ, मिस्ट्री हाऊससारखे खेळ साध्या झिप-पिशवीत विकले जायचे. छापाई घरगुती, फ्लॉपीवर चिकटवलेलं लेबल, बस. संग्राहकांच्या एका मोठ्या गटातल्या, जाणकार म्हणून मान असलेल्या माणसावरच अशा खेळांच्या बनावट प्रती वर्षानुवर्षं विकल्याचा आरोप झाला. संशय आला तो छपाई आणि लेबलांच्या बारकाव्यांवरून, आणि तपासलेल्या फ्लॉपींत कोरीही निघाली. फ्लॉपी संगणकात घालून पाहायचं कोणाच्या मनातच आलं नव्हतं, कारण इतक्या किमती वस्तूला हात कसा लावायचा! ज्याचा सल्ला घ्यायचा तोच विकणारा असेल, तर दुसऱ्या जाणकाराचं मत विकत घ्यावं लागलं तरी घ्या.

ग्रेड करून, म्हणजे ग्रेडिंग कंपनीकडून अवस्थेचे गुण लावून घेऊन, अ‍ॅक्रिलिकच्या डबीत बंद केलेल्या खेळांचा भाव वेगळ्याच आकाशात असतो. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत हेरिटेज या कंपनीच्या लिलावात द लेजंड ऑफ झेल्डाची प्रत ८ लाख ७० हजार डॉलरला गेली आणि दोनच दिवसांत सुपर मारिओ ६४ ची १५ लाख ६० हजार डॉलरला. सुपर मारिओ ६४ दुर्मिळ आहे का? त्याच्या जगभर १ कोटीहून जास्त प्रती खपल्या. पैसे मोजले गेले ते दहापैकी ९.८ या ग्रेडला आणि ए++ दर्जाच्या सीलला. खेळ तर कुठल्याही जुन्या बाजारात मिळतो. पुढच्या वर्षी ही ग्रेड देणाऱ्या कंपनीवर बाजार फुगवल्याच्या आरोपाचा दावा कॅलिफोर्नियात दाखल झाला, आणि त्या काळातली तेजीही ओसरली. तेव्हाच्या लिलावाचे आकडे दाखवून आज कोणी भाव सांगत असेल, तर तो जुनं पंचांग वाचून दाखवतोय. डबी बनावट असू शकते, म्हणून लेबलवरचा प्रमाणपत्र क्रमांक ग्रेडिंग कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा. क्रमांक खरा आणि डबी खोटी, असंही होतं. त्यामुळे तिथल्या नोंदीतली आवृत्ती, ग्रेड आणि फोटो असल्यास खोक्यावरचे ओरखडे जुळवा.

खऱ्या दुर्मिळतेची उदाहरणं वेगळी असतात. १९९० च्या निन्टेन्डो वर्ल्ड चॅम्पियनशिप या स्पर्धेच्या करड्या कॅसेटी ९० आणि सोनेरी २६. बान्डायचा स्टेडियम इव्हेंट्स तर अमेरिकेत थोडा काळच दुकानांत होता. निन्टेन्डोने त्याची पाय ठेवून खेळायची चटई आपल्याकडे घेतली आणि तोच खेळ वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट या नावाने काढला. खेळ जवळपास तोच, किमतीत मात्र हजारो डॉलरचा फरक. साहजिकच स्वस्त कॅसेटवर महाग लेबल चिकटवण्याचा मोह होतो. चालवून पाहताना पहिल्या पडद्यावरचं नाव वाचायचं आणि तरीही बोर्ड उघडायचं, कारण नाव दाखवणारा प्रोग्राम पुन्हा लिहिता येणाऱ्या ईपीरॉम चिपवर भरणं अवघड नाही. अशा चिपवर काचेची छोटी खिडकी असते, ती बऱ्याचदा स्टिकरने झाकलेली सापडते.

आपल्याकडे घरोघरी असलेल्या पिवळ्या कॅसेटी, ‘९९९९९९९ इन १’ वगैरे, या सगळ्यात कुठे बसतात असा प्रश्न हमखास येतो. कुठेच नाही. लिटल मास्टर, मीडिया ही यंत्रं फॅमिकॉमच्या, म्हणजे एनईएसच्या जपानी रूपाच्या, नकला होत्या, कॅसेटी ६० पिनांच्या आणि परवान्याशिवाय बनलेल्या. अमेरिकन एनईएसची कॅसेट ७२ पिनांची. पोटमाळ्यावरची कॉन्ट्रा ‘अँटिक’ म्हणून दहा हजारांना विकायला काढलेली दिसली, तर ती आठवणींची किंमत आहे, बाजाराची नाही.

भाव ठरवताना सांगितलेली किंमत पाहू नका, विकली गेलेली पाहा. ईबेवर ‘सोल्ड’ गाळणी लावून त्याच आवृत्तीचे, त्याच अवस्थेचे निदान दहा व्यवहार काढा, सर्वात वरचा आणि सर्वात खालचा सोडून द्या. प्राइसचार्टिंग या खेळांचे भाव दाखवणाऱ्या साइटवर सुटी, पूर्ण संच आणि नवी असे तीन वेगळे आकडे असतात. सुटी कॅसेट विकताना तिसरा आकडा दाखवणं ही जुनी खोड. एमराल्ड खेळायची हौस असेल आणि ती सुटी, तपासलेली, चालू बाजारभावात मिळत असेल, तर पैसे वाया गेले असं आम्ही म्हणणार नाही. उद्या त्याच भावात तिला गिऱ्हाईक मिळतं. हौस नसताना, फक्त भाव वाढेल म्हणून, न उघडता येणाऱ्या खोक्यात लाखभर घालणं हा सरळ जुगार आहे.

पैसे देताना: परदेशातून घेतलं तर पेपलवर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ने पाठवू नका, त्याला खरेदीदाराचं संरक्षण नाही. ईबेची मनी बॅक गॅरंटी सहसा वस्तू पोचल्यापासून ३० दिवसांची असते, म्हणून पार्सल दिवाळीला उघडू म्हणून ठेवून देऊ नये. ‘कस्टमवर कमी किंमत लिहितो’ ही ऑफर नाकारा. पार्सल हरवलं तर भरपाईही त्याच कमी किमतीची मिळते, वर चुकीच्या घोषणेची जबाबदारी तुमच्या डोक्यावर. इथल्या विकणाऱ्याला टोकन देऊ नका, भेटून तपासून यूपीआय करा. तुम्ही विकत असाल, तर पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. ‘पैसे यायला स्कॅन करा’ म्हणणारा तुमचं खातं रिकामं करायला आलेला असतो.

पार्सल उघडताना न थांबता व्हिडिओ काढा. पत्त्याचं लेबल, वजनाची चिठ्ठी, टेप कापणं, कॅसेटची खालची फट, सगळं एकाच चित्रीकरणात. फसल्याचं कळताच आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात हलण्याआधी कळवलं तर ते गोठवण्याची शक्यता असते. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, गप्पांचे स्क्रीनशॉट आणि जाहिरातीचा पत्ता हाताशी ठेवा. जाहिरात काढून टाकली जाते, म्हणून तिचा स्क्रीनशॉट पैसे देण्याआधीच काढून ठेवा. दुकानातून बिलावर घेतलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि नकली निघालेली कॅसेट पैसे वसूल करायला पुढे कोणाला ‘ओरिजिनल’ म्हणून विकू नका, कारण मग त्या तक्रारीत आरोपीच्या रकान्यात तुमचं नाव येतं.