पायडॉक: आपल्याच लॅपटॉपवरचं डॉक्युमेंटेशन

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका संत्रा व्यापाऱ्यांचं आवक-भावाचं काम माझ्याकडे आहे. प्रोग्राम जुना, त्यात पांडाज १.३ (पांडाज म्हणजे पायथॉनमध्ये तक्ते हाताळायची लायब्ररी). आंबिया बहार असो की मृग, सीझनमध्ये त्याला हात लावायची सोय नाही. कोडमध्ये जागोजागी डेटाफ्रेमचं, म्हणजे पांडाजच्या तक्त्याचं, अपेंड (ओळी जोडणारं फंक्शन) आहे. वेबसाइटवर ताजं डॉक्युमेंटेशन उघडलं तर ते सापडतच नाही, कारण २०२३ मध्ये आलेल्या २.० मधून ते काढून टाकलं. पायडॉक मात्र आपल्या मशीनवर जे टाकलंय तेच वाचून दाखवतं. नेट गेलेलं असलं तरी.

वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही, ते पायथॉनसोबतच येतं. प्रोजेक्टचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टपुरत्या लायब्रऱ्यांची वेगळी जागा) चालू करून टर्मिनलवर 'पायथॉन -एम पायडॉक -बी' द्यायचं, ब्राउझर उघडतो. एन्व्हायर्नमेंट चालू नसेल तर भलत्याच लायब्रऱ्यांची यादी येते, एवढं सांभाळा. क्लासला गुलाबी पट्टा, फंक्शनला नारिंगी. नजर पटकन बसते.

मला सगळ्यात आवडलं ते हे: प्रोजेक्टच्या फोल्डरमधून चालवलं की आपल्या स्वतःच्या फायलीही यादीत येतात. मी फंक्शनांना मराठीत डॉकस्ट्रिंग (कोडमध्येच लिहिलेली माहितीची ओळ) लिहायला लागले. 'क्रेटचा भाव किलोवर आणतो' हे आता पांडाजच्याच यादीतून उघडतं, छान देवनागरीत. पण जपून! पान उघडताना पायडॉक ती फाइल इम्पोर्ट करतं, म्हणजे फंक्शनबाहेर मोकळा पडलेला कोड चालतो. फायली पुसणारी स्क्रिप्ट असेल तर तिला आधी मेनची अट घाला, म्हणजे फाइल थेट चालवली तरच तो कोड चालेल.

उणिवा आहेत. डेटाफ्रेमचं पान, बाप्पा, केवढं लांब! कंट्रोल-एफशिवाय इलाज नाही. मार्कअप (मजकूर सजवायच्या खुणा) कच्चंच दिसतं, आणि लायब्ररीवाल्याने डॉकस्ट्रिंग लिहिली नसेल, फंक्शनच्या वर कॉमेंटही नसेल, तर हाती फक्त फंक्शनचं नाव आणि आर्ग्युमेंट्स लागतात. वाचायला झील (डॉक्युमेंटेशन उतरवून ऑफलाइन वाचायचं ॲप) जास्त देखणं. विंडोज-लिनक्सवर फुकट, शोधही झटपट. पण त्यात उतरवलेला डॉकसेट (एका लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनचा संच) आपल्या आवृत्तीशी जुळेलच असं नाही. नवीन लायब्ररी शिकायची तर मी झीलच उघडते. जुना कोड दुरुस्त करायचा असेल तर पायडॉकच.

'-बी' दिलं की पोर्ट (ब्राउझरच्या पत्त्यातला आकडा) दरवेळी बदलतो. बुकमार्क करायचा असेल तर '-पी' आणि पोर्टचा नंबर द्या. बंद करायला त्याच टर्मिनलमध्ये क्यू.