पापाजच्या बारा खुर्च्या की बॉम्बे कॅन्टीनचं टेबल?

आई-बाबांच्या लग्नाचा वाढदिवस, पहिला मोठा पगार, परदेशातून सुट्टीवर आलेला भाऊ. अशा निमित्ताने मुंबईत एकदा भारीतलं जेवायचं ठरलं की दोन नावं हमखास निघतात. एक वांद्र्याचं पापाज, दुसरं लोअर परळचं बॉम्बे कॅन्टीन. दोन्ही हंगर इंक या एकाच कंपनीची, आणि दोन्हीकडच्या स्वयंपाकावर शेफ हुसेन शहजाद यांचा हात. तरीही जेवणाची तऱ्हा इतकी वेगळी आहे की, एकाच्या अपेक्षेने दुसऱ्याकडे गेलात तर खिसा रिकामा होऊनही मन भरणार नाही.

पापाज २०२४ साली सुरू झालं. वांद्र्याच्या रानवार गावठाणात, जुनी ज्यूड बेकरी होती तिथे आता व्हेरोनिकाज हे सँडविचचं दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर. काउंटरभोवती खुर्च्या फक्त १२. समोरच पदार्थ तयार होतात. इथे टेस्टिंग मेन्यू असतो, म्हणजे काय खायचं आणि कोणत्या क्रमाने खायचं हे शेफ ठरवतो. आपल्या पंगतीची आठवण होते, पण पंगतीत नको असेल तर पानावर आडवा हात धरता येतो, पाहिजे ते पुन्हा मागता येतं. इथे एकेका घासासाठी कित्येक दिवसांचा विचार झालेला असतो आणि तो घास त्याच रूपात खायचा असतो. सशाचं मांस आणि लाल मुंग्या असलेला इथला एक पदार्थ बराच गाजला. बस्तरमध्ये लाल मुंग्यांची चटणी पूर्वापार खातात, त्यामुळे त्यात नुसता धक्का देण्याचा हेतू आहे असं मला वाटत नाही. मात्र तुमच्या घरच्यांच्या चेहऱ्यावर हे ऐकून काय उमटेल, ते बुकिंगच्या आधी डोळ्यांसमोर आणा.

बॉम्बे कॅन्टीन २०१५ पासून कमला मिलच्या आवारात आहे. न्यूयॉर्कमध्ये भारतीय जेवणाला मान मिळवून देणारे फ्लॉइड कार्डोझ याच्या संस्थापकांपैकी एक. मार्च २०२० मध्ये कोविडने ते गेले. इथे मेन्यूकार्ड हातात येतं, चौघांत सहा प्लेट मागवता येतात, आवडली ती परत मागवता येते. भारतीय भाज्या आणि हंगामी फळं यांना इथे मुख्य जागा मिळते. चीज टोस्टवर अंडं आणि हिरवी मिरची घातलेलं एग्ज केजरीवाल हा मुळात विलिंग्डन क्लबचा पदार्थ, तो यांनी आपल्या पद्धतीने आणला. गोडात पेरूचा टार्ट आणि गुलाबजामचा डोनट मेन्यूवर दिसले तर पोटात जागा ठेवा.

आता निवड. माझ्या मते ती टेबलावरच्या सर्वात चोखंदळ माणसावरून करावी. बाबांना साडेआठला जेवायची सवय, आईला कांदा-लसूण चालतो पण मांसाहाराचा वाससुद्धा नको, सोबत सात वर्षांचा नातू असेल तर कॅन्टीन, आणि त्यातही दुपारचं. टेस्टिंग मेन्यूला दोन-तीन तास सहज जातात. मधुमेह असलेल्या माणसाला पुढचा घास कधी येईल हे माहीत नसणं त्रासाचं असतं. माझ्या मावशीला एका अशाच ठिकाणी (दोन्हीपैकी नव्हे) आम्ही हौसेने नेलं. ती शाकाहारी आहे हे आम्ही खुर्चीत बसल्यावर सांगितलं. त्या लोकांनी धावपळ करून काहीतरी दिलं, पण ती दोन तास अवघडून बसली होती आणि मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं. चूक आमची होती. शाकाहार, ॲलर्जी, उपवास हे बुकिंग करतानाच लिहून कळवा, उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका. आणि तारीख ठरवण्याआधी कालनिर्णय उघडा. संकष्टी, एकादशी, श्रावणातला सोमवार ऐन वेळी उगवतो.

याउलट तुम्ही दोघंच आहात, काहीही खाता, स्वयंपाकाबद्दल तासन्‌तास बोलता, तर पापाजसाठी थांबा. बारा खुर्च्या म्हणजे जागा मिळायला वाट पाहावी लागणारच. चार तारखा मोकळ्या ठेवा, आठवड्यातल्या मधल्या वारी प्रयत्न करा आणि रद्द करण्याचा नियम नीट वाचा. इतक्या लहान जागी एक खुर्ची रिकामी राहिली तरी त्यांचं मोठं नुकसान असतं, त्यामुळे नियम कडक असले तर त्यात गैर नाही. पोहोचायचं मात्र वेळेवर.

बिलाबद्दल दोन्हीकडे लागू पडणाऱ्या गोष्टी. ही स्वतंत्र रेस्टॉरंट असल्याने जेवणावर जीएसटी ५ टक्के. महागड्या पंचतारांकित हॉटेलमधल्या रेस्टॉरंटला तो १८ टक्के पडतो, म्हणजे १०,००० रुपयांच्या जेवणावर ५०० ऐवजी १,८००. मद्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. टेस्टिंग मेन्यूसोबत ‘पेअरिंग’, म्हणजे पदार्थांना जुळणारी पेयं, हवं का ते विचारतील. ते ऐच्छिक असतं आणि बिल बरंच वाढवतं. सर्व्हिस चार्ज कुठेही सक्तीचा करता येत नाही, २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कायम ठेवल्या. सेवा आवडली तर वाढणाऱ्या मुलांच्या हातात रोख द्या. बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त लावलं तर वाद घालून उपयोग नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हॉटेलांना ती मुभा दिली आहे. बसल्याबसल्याच ‘साधं पाणी’ म्हणा.

जाण्यायेण्याचंही बघा. कॅन्टीनला पश्चिम रेल्वेचं लोअर परळ आणि मध्य रेल्वेचं करी रोड दोन्ही जवळ, त्यामुळे डोंबिवली-ठाण्याच्या मंडळींना ते सोयीचं. रानवारच्या गल्ल्या अरुंद, गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास जाईल. वांद्रे स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षा करा. जेवण लांबलं की परतीची लोकल हुकण्याची भीती शेवटच्या दोन पदार्थांवर पाणी फिरवते. त्यामुळे मध्य रेल्वेच्या लांबच्या स्टेशनला परतायचं असेल तर मिळेल ती सर्वात लवकरची वेळ घ्या.