बटाटा-पेरॉक्साइड की लाळ-स्टार्च: एन्झाइमचा प्रयोग कोणता निवडाल?

नोव्हेंबर लागला की कोणी ना कोणी विचारतंच, प्रदर्शनात एन्झाइमवर काहीतरी करायचं आहे, बटाटा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडवालं करू की लाळ, स्टार्च, आयोडीनवालं? मी नागपुरात मानेवाड्याकडे अकरावी-बारावीच्या बायोलॉजीच्या ट्यूशन घेतो, दोन्ही प्रयोग मुलांकडून बरेचदा करून घेतलेत, तर माझ्या अनुभवाने जे वाटतं ते सांगतो. एन्झाइम म्हणजे स्वतः खर्च न होता अभिक्रिया वेगाने घडवणारं प्रथिन, आणि त्याच्या ठराविक खाचेत (ॲक्टिव्ह साइट) ठराविक रेणूच कुलूप-किल्लीसारखा बसतो, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

आधी लाळेबद्दल, कारण प्रयोग खरंच देखणा आहे आणि त्याला कमी लेखायचं नाही मला. घरातलं कॉर्नफ्लोअर, मेडिकलमधलं पोविडोन आयोडीन, एक पांढरी टाइल, बस. स्टार्चच्या पातळ खळीत लाळ मिसळायची, दर मिनिटाला त्यातला एक थेंब टाइलवर घ्यायचा आणि त्यावर आयोडीन टाकायचं. पहिला ठिपका निळाकाळा, मग जांभळट, मग तांबूस, आणि शेवटी नुसता आयोडीनचा पिवळा. म्हणजे स्टार्चची लांब साखळी तुटत तुटत लहान होत चालली आहे ते एका ओळीत मांडून दिसतं. बटाट्यात असं टप्प्याटप्प्याने काही दिसत नाही. शिवाय इतिहासही याच घराण्याचा, १८३३ साली पायां आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या जवातून जे डायस्टेज वेगळं काढलं ते अमायलेजच, म्हणजे लाळेतही असतं ते स्टार्च तोडणारं एन्झाइम. आणि नागपूरकरांसाठी एक सोय म्हणजे तापमान. डिसेंबरातल्या सकाळी थंड पाण्यात ठेवलेली टेस्ट ट्यूब आणि ३७ अंशाच्या कोमट पाण्यातली, यातला फरक मुलांना घड्याळ लावून दिसतो, एप्रिल-मेमध्ये तर गच्चीवरच्या टाकीचं पाणीच कोमट येतं, वेगळं तापवायची गरज नाही.

मग अडलं कुठे? लाळ गोळा करायला मुलं लाजतात, कोरोनानंतर काही शाळा नकोच म्हणतात, ते एकवेळ सांभाळता येतं. एका मुलाचा ठिपका लवकर पिवळा होतो, दुसऱ्याचा होतच नाही, तेही समजावता येतं, लाळेतल्या अमायलेजच्या जीनच्या प्रतीच माणसागणिक कमी-जास्त असतात.

मला जे खटकतं ते आयोडीन. या प्रयोगात पुरावा काय, तर निळा रंग न येणं. आणि निळा रंग न यायला स्टार्च पचलेलंच असावं लागतं असं नाही ना! स्टार्च-आयोडीनचा निळा रंग गरम केला की उडतो आणि थंड झाला की परत येतो. आता मुलं काय करतात, लाळ उकळून एन्झाइम मारायचं असतं, ती उकळती लाळ तशीच खळीत ओततात, घाईघाईत त्याच गरम ट्यूबमध्ये आयोडीन टाकतात, निळं काही येत नाही, आणि वहीत लिहून मोकळी होतात की उकळलेलं एन्झाइमसुद्धा काम करतं. म्हणजे जो कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेली, एन्झाइम बंद पाडलेली ट्यूब) आपल्याला खरं सांगायला ठेवला तोच खोटं बोलून राहिला. लिंबाचं तर याहून वाईट. ॲसिडमध्ये अमायलेज थांबतं हे दाखवायला घरोघरी लिंबूच पिळतात, पण लिंबातलं व्हिटॅमिन सी आयोडीनचा रंगच घालवून टाकतं, त्यामुळे जिथे एन्झाइम बंद पडलंय तिथेच सगळं पचल्यासारखं दिसतं. परीक्षकांनी एवढं एक विचारलं की पोरगं गांगरतं, आणि त्याची काही चूक नसते. लिंबाऐवजी पांढरं व्हिनेगर घ्या, थेंब थंड करून तपासा, हे सगळं करता येतं, मी करूनही घेतो, पण तास अर्धा आयोडीनच्या तऱ्हा समजावण्यात जातो आणि एन्झाइम बाजूला राहतं.

बटाट्यात पुरावा म्हणजे काहीतरी दिसणं. बटाट्यात कॅटालेज नावाचं एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइड तोडतं. कच्च्या बटाट्याचा किस पेरॉक्साइडमध्ये टाकला की फेस, चांगल्या उकडलेल्याचा टाकला की शांत. उकडताना चकत्या पातळ करा, जाड फोडीच्या मध्यात कच्चेपणा राहिला तर तिथून बुडबुडे येतात. फेसाच्या तोंडाशी धुमसती अगरबत्ती नेली की ती भगकन उजळते, म्हणजे निघतोय तो ऑक्सिजनच. गुडघा फुटल्यावर पेरॉक्साइड लावलं की फसफसतं ते प्रत्येकाने पाहिलेलं असतं, तेही रक्तातलं कॅटालेजच, हे सांगितलं की मुलांचे डोळे चमकतात.

पण माझ्यासाठी पारडं झुकतं ते ऊर्जेच्या मुद्द्यावर. दरवर्षी निम्म्या वह्यांत एक वाक्य असतंच, एन्झाइम अभिक्रियेला ऊर्जा देतं. देत नाही हो! पेरॉक्साइड तुटून पाणी आणि ऑक्सिजन होताना ऊर्जा बाहेरच पडते, १ मोलमागे सुमारे ९८ किलोज्यूल, आणि ती कॅटालेज असो नसो तेवढीच. तरी बाटली कपाटात महिनोन्‌महिने गप्प बसते, कारण सुरुवातीला जो चढ लागतो, ज्याला ॲक्टिव्हेशन एनर्जी म्हणतो, तो मोलमागे ७५ किलोज्यूलच्या आसपास आहे. कॅटालेज तो एक तृतीयांशाच्याही खाली आणतं, मग एन्झाइमचा एकेक रेणू सेकंदाला लाखो रेणू फोडत सुटतो. हे सगळं हातात देता येतं, आधी नुसती बाटली दाखवायची, काहीच होत नाही, मग बटाटा टाकायचा, थर्मामीटरचा पारा चढतो, फेस ओसरला की पुन्हा थोडं पेरॉक्साइड ओतायचं, तोच बटाटा पुन्हा फसफसतो, म्हणजे एन्झाइम खर्च झालेलं नाही. स्टार्च तुटताना निघणारी उष्णता इतकी थोडी की आपल्या साध्या थर्मामीटरवर कळत नाही, आणि खळ नुसती ठेवली तर ती आंबते, म्हणून ‘आपोआप होत नाही’ हेही तिथे नीट दाखवता येत नाही.

बटाट्याचेही त्रास आहेत. नागपूरच्या उन्हाळ्यात पेरॉक्साइड बाटलीतल्या बाटलीत मरतं, मेडिकलवाल्याकडे आधीच पडून असलेली बाटली आणली तर बटाटा कितीही ताजा असू दे, फेस मरगळलेलाच. बाटली नवीन तारखेची बघून घ्या, अंधारात थंड जागी ठेवा. बहुतेक दुकानांत ६ टक्क्यांचं मिळतं, ते तेवढ्याच पाण्यात मिसळून ३ टक्के करा, हातमोजे-चष्मा वापरा, आणि फेस येत असताना बाटलीला बूच कधीच लावू नका, लॅबवालं ३० टक्क्यांचं तर मुलांच्या हातात देऊच नका. दुसरं म्हणजे तापमानाचा आलेख इथे तितका छान येत नाही, कॅटालेज थंडीतही बऱ्यापैकी पळतं, कारण चढच मुळात एवढासा उरलेला असतो. आणि फेसाची उंची स्केलने मोजू नका, भरवशाची नसते. त्यापेक्षा पंचिंग मशीनने फिल्टर पेपरच्या टिकल्या पाडा, बटाट्याच्या रसात बुडवून पेरॉक्साइडच्या तळाशी सोडा, बुडबुडे धरून टिकली वर यायला किती सेकंद लागतात ते मोजा. रस पातळ करत गेलात की वेळ वाढत जातो, पोस्टरवर लावायला आयता आलेख.

यीस्ट, गूळ आणि फुगा हा तिसरा पर्यायही लोक सुचवतात. फुगा फुगतो, मुलं खूश होतात, पण ग्लुकोजपासून अल्कोहोलपर्यंत डझनभर एन्झाइमची रांग आहे, त्यातलं एक कोणतं हे दाखवता येत नाही. आणि जिथे अभिक्रिया स्वतःहून होणारीच नाही तिथे पेशी एटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) तोडून, मोलमागे साधारण ३० किलोज्यूल खर्चून, ती करून घेते, हा भाग या तिन्हीत दिसत नाही, तो पोस्टरवरच लिहावा लागेल.

तर सातवी-आठवीचं पोर असेल, विषय ‘पचन’ असेल, तर लाळेचा करा, माझी ना नाही, फक्त व्हिनेगर आणि थंड थेंब लक्षात ठेवा. विषयात ‘ऊर्जा’ हा शब्द असेल किंवा मूल नववीच्या पुढचं असेल तर मी बटाटाच घ्यायला सांगेन. प्रदर्शनं डिसेंबर-जानेवारीत असतात, तेव्हा पेरॉक्साइड आदल्या आठवड्यात आणा, घरी एकदा फेस येतो का बघा, आणि बटाटा मात्र त्याच दिवशी किसा.