लालबागच्या मसाल्याच्या साइटवर फीडबॅक विजेट: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

मामांचं लालबागला मसाल्याचं दुकान आहे, त्याची वेबसाइट मी सांभाळतो. वर्षाच्या मसाल्याची गर्दी सुरू व्हायच्या तोंडावर, मार्चमध्ये, साइटवर फीडबॅक विजेट, म्हणजे येणाऱ्याचं मत विचारणारी छोटी चौकट, बसवलं. दिवाळी झाली, ते अजून चालू आहे. टूलचं नाव देत नाही. या जातीची टूल्स ढीगभर मिळतात, बहुतेकांचा एक फुकट प्लॅन असतो आणि खाली लिहिलंय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू पडेल.

बसवणं सोपं आहे. कोडचा तुकडा टॅग मॅनेजरमध्ये (बाहेरचे कोड साइटवर चढवायची सोय) टाकला की झालं. आमची साइट वर्डप्रेसवर, विक्रीसाठी वूकॉमर्स हे प्लगिन लावून. लॅपटॉपवर विजेट लगेच दिसायचं, फोनवर मात्र स्क्रीनला बोट लागेपर्यंत पत्ता नाही. त्यामागे होता कॅशिंग प्लगिनमधला (साइट लवकर उघडावी म्हणून लावलेल्या जोडणीतला) जावास्क्रिप्ट उशिरा चालवण्याचा पर्याय. पाहणारा स्क्रोल किंवा टॅप करेपर्यंत तो अशा स्क्रिप्ट अडवून धरतो. लॅपटॉपवर माउस जरा हलला तरी काम होतं, म्हणून तिथे फरक कळत नाही. मी तो पर्याय तसाच ठेवला. संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये एका हाताने कडी धरून साइट उघडणाऱ्याला आधी बेडगीचा भाव दिसू दे, आमची विचारपूस नंतर. टॅप केल्यावर पान हलायला किती वेळ लागतो याचं आयएनपी नावाचं माप गूगलने मार्च २०२४ पासून कोअर वेब व्हायटल्स या साइटच्या मुख्य मापांमध्ये घेतलंय आणि २०० मिलिसेकंदांच्या आत असलं तर ते चांगलं समजतात. विजेट लावण्याआधी आणि नंतर ते जरूर तपासा. स्वस्तातल्या फोनवर तपासा, स्वतःच्या नव्या फोनवर नको.

खरा वेळ गेला तो जागेत. मूळ सेटिंगमध्ये विजेट उघडायचा टॅब उजवीकडे खाली येतो. तिथेच आमचं व्हॉट्सॲपचं हिरवं बटण आणि त्याच्याखाली फोनवर चिकटून राहणारी 'कार्टमध्ये टाका'ची पट्टी. टॅब या दोघांच्या डोक्यावर. आमच्या बटणांचा झेड-इंडेक्स (कुठली वस्तू कुणाच्या वर दिसणार ते ठरवणारा आकडा) वाढवून बघावं म्हटलं तर टूलवाल्यांनी स्वतःच्या टॅबला २१४७४८३६४७ देऊन ठेवलेला. ब्राउझरमध्ये याच्यावर आकडा नाही, अधिक-उणे चिन्हासकट ३२ बिटांत मावणारा तो सगळ्यात मोठा. म्हणजे आमच्या साइटवर सगळ्यात महत्त्वाची वस्तू कुठली, तर त्यांचा टॅब! शेवटी लॅपटॉपवर तो डावीकडे मधोमध नेला आणि फोनवर पूर्ण बंद केला. फोनसाठी त्यांचा पानातच बसणारा प्रकार घेतला, तो मसाल्याच्या माहितीखाली आणि 'आणखी मसाले'च्या वर ठेवला. उत्तरं तिथून जास्त यायला लागली, आणि मामांना फोन करून 'तुमच्या साइटवर विकत घ्यायचं बटणच दाबता येत नाही' म्हणणारे थांबले.

विजेट कधी उघडायचं याचे पर्याय बरेच असतात: इतक्या सेकंदांनी, इतकं टक्के स्क्रोल झाल्यावर, पाहणारा निघायच्या बेतात असताना. हा शेवटचा पर्याय विकताना ते फार रंगवून सांगतात. प्रत्यक्षात माउसचा बाण खिडकीच्या वरच्या कडेकडे गेला की माणूस चालला असं तो समजतो. फोनवर बाणच नाही, तर कडा कुठली? त्यामुळे फोनसाठी काही टूल्स दुसरी युक्ती करतात, ब्राउझरचा टॅब मागे पडला की 'निघाला' असं मोजतात. आमचं टूल त्यातलंच. आता आपल्याकडे पैसे भरताना काय होतं? गिऱ्हाईक यूपीआयचं ॲप उघडतं, पिन टाकतं, परत ब्राउझरवर येतं. आणि परत आल्या आल्या समोर प्रश्न: 'जाताय का? काय आवडलं नाही?' पैसे गेले की नाही या काळजीत असलेल्या माणसाला हे विचारायचं! चेकआउटची (पैसे भरायची) सगळी पानं विजेटच्या यूआरएलच्या, म्हणजे पानांच्या पत्त्यांच्या, नियमातून वगळा, हे या अनुभवातलं सगळ्यात उपयोगी वाक्य समजा. 'ऑर्डर मिळाली' हे पान मात्र ठेवा, तिथे माणूस निवांत असतो.

एकदा उत्तर दिलेल्याला पुन्हा विचारू नये अशीही खूणगाठ आहे. ती ब्राउझरच्या साठवणीत राहते. सफारी २०२० पासून स्क्रिप्टने लिहिलेली अशी साठवण, त्या साइटवर सात दिवस वावर नसला तर पुसून टाकतं. म्हणून आयफोनवाल्यांना आपण पुन्हा पुन्हा अनोळखी समजतो. याला सेटिंगमध्ये उपाय सापडला नाही. मी दिसण्याचं प्रमाणच कमी केलं, चारातल्या एकालाच दाखव असं.

आता प्रश्नांकडे. पाच चेहऱ्यांची पट्टी पहिल्या महिन्यातच काढून टाकली. लोक हसरा चेहरा दाबतात आणि जातात, त्यातून मिरची भाजायची की नाही हेसुद्धा कळत नाही. शून्य ते दहा वाला प्रश्न त्याहून फसवा निघाला. 'आमचं नाव दुसऱ्याला सुचवाल का' हा तो प्रश्न, फ्रेड राइकहेल्डने २००३ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडलेला. त्याच्या हिशेबात ९ आणि १० देणारेच आपले, ७-८ वाले काठावरचे आणि ६ पर्यंतचे सगळे नाराज. इथे परळच्या एखाद्या मावशीला विचारा, दहापैकी आठ म्हणजे पोरगं हुशार. त्या ८ देऊन खाली 'मसाला एक नंबर' लिहितात आणि टूलचा डॅशबोर्ड (निकाल दाखवणारं पान) त्यांना काठावर बसवतो.

चाललं ते एकच: मोकळी चौकट आणि वर 'या पानावर तुम्हाला हवं ते सापडलं का? नसेल तर काय शोधत होतात?' बस. एप्रिलमध्ये यावर एकसारखं एकच यायला लागलं, कधी देवनागरीत, कधी इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत: 'दोन किलो बेडगी म्हणजे देठासकट की देठ काढून?' मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "अरे, देठासकटच की. ते काय विचारायचं असतं?" दुकानात विचारायचं नसतंच, कारण पोतं समोर उघडं असतं. साइटवर फक्त लालभडक फोटो. देठं खुडली की वजन घटतं, मिरची भाजली आणि कांडली की आणखी घटतं. डोंबिवलीच्या बाईने दोन किलोचा हिशेब धरला आणि हातात कमी आलं तर ती आम्हालाच चोर म्हणणार. मग प्रत्येक मिरचीच्या पानावर भावाखाली एक ओळ टाकली: वजन देठासकट, देठ काढून व कांडून दिल्यास घट गिऱ्हाइकाकडे. ओळ टाकली आणि तो प्रश्न विजेटमध्ये जवळजवळ बंद झाला. दुकानाचा फोनही त्या बाबतीत शांत झाला, आणि मामांचा या प्रकारावर पहिल्यांदा विश्वास बसला.

दुसरी गोष्ट वसई आणि गोराईकडच्या लोकांची. ते ईस्ट इंडियन बॉटल मसाला शोधत यायचे, आमच्याकडे मालवणी आणि आगरीच. मामांनी तो करायला साफ नकार दिला, 'त्यांच्या घरी जो होतो तो आपल्याला जमणार नाही' म्हणाले. ठीक, पण शोधणाऱ्याला आता 'नाही' हे तरी लगेच दिसतं. पावसाळ्यात खरेदी थंडावते तेव्हा प्रश्न बदलून 'मसाला टिकवताना काही अडचण?' असा ठेवला होता. उत्तरांपेक्षा सल्लेच जास्त आले, हिंगाचे खडे कुठे आणि किती ठेवायचे यावर तर दोन तट पडले.

मराठीच्या बाबतीत ही टूल्स कच्ची आहेत. विजेट आयफ्रेममध्ये (पानाच्या आत उघडणाऱ्या वेगळ्या पानात) बसतं, त्यामुळे आपल्या साइटची सीएसएस, म्हणजे दिसण्याचे नियम, तिथे पोचत नाही. ओळीची उंची त्यांनी रोमन अक्षरांच्या मापाने ठरवलेली, मग 'कळवू'चा ऊकार खालून कापला जातो. दुरुस्ती पैसे भरणाऱ्या प्लॅनमध्येच होते. शब्दांचा ढग दाखवणारं फीचर तर हास्यास्पद. शब्द ओळखायचा त्यांचा नियम बहुधा काना-मात्रांना अक्षरात न धरणारा, ती आली की शब्द तुटतो आणि ढगात नुसती मोडकी अक्षरं तरंगतात. 'मसाला जबरी, पण पिशवी फुटली' हा मजकूर त्यांच्या भावना ओळखणाऱ्या यंत्राला तटस्थ वाटला. ते फीचर बंद करून उत्तरं स्वतः वाचा, लहान धंद्याला तेवढा वेळ असतो. आणि उत्तरांची सीएसव्ही फाइल उतरवून ती डबल क्लिकने एक्सेलमध्ये उघडू नका, देवनागरीचा चिवडा होतो. गूगल शीट्समध्ये आयात करा किंवा एक्सेलच्या डेटा मेनूतून यूटीएफ-८ ही अक्षरांची पद्धत निवडून आणा. आम्ही वेबहुकने (उत्तर आलं की ते आपोआप पुढे पाठवणारी सोय) उत्तरं थेट शीटमध्ये आणतो, दुकान बंद करताना मामी फोनवर चाळतात.

स्क्रीनशॉट जोडायची सोय बंद ठेवा. माणूस पत्त्याच्या पानावर असेल तर घर नंबरासकट सगळं परदेशातल्या सर्व्हरवर जातं. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये आलाय. त्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय देणं आलं, म्हणून आम्ही ती मराठीतही लिहिली. तरीही लोक चौकटीत आपणहून मोबाइल नंबर टाकतात. ते ओळीतून खोडायचं काम मामींकडेच आहे.

पैशांचं बोलायचं तर फुकट प्लॅनमध्ये महिन्याला ठरावीक उत्तरंच घेतात. ती संपली की विजेट गुपचूप दिसेनासं होतं, मेलसुद्धा येत नाही. एप्रिलमध्ये ऐन भरात ते असं गायब झालं आणि मी दोन दिवस कॅश साफ करत बसलो. वर्षाचा प्लॅन घेतला तर सवलत आहे, पण पावसाळ्याचे महिने आमच्यासाठी रिकामेच. म्हणून मार्च ते मे आणि दिवाळीचा महिना पैसे भरायचे, बाकी फुकटात चालवायचं असं मामांशी ठरलंय. प्लॅन खाली आणला की सशुल्क असताना केलेले सीएसएसचे बदल उडतात. ते आधी कुठेतरी उतरवून ठेवा.