पाय मोडलेला माणूस आर्वीकडून पुण्याला न्यायचा: विमान, रेल्वे का गाडी?

आमच्या घरी एका वर्षात दोन हाडं मोडली. पोळ्याच्या आधी वावरातून येताना चिखलात माझी मोटरसायकल घसरली अन् उजव्या घोट्यात प्लेट बसली, अन् संक्रांत झाल्यावर माय न्हाणीत पडली, खुब्याचं हाड गेलं, सेवाग्रामला ऑपरेशन झालं. दोघांनाही नंतर पुण्याला ताईकडे राहायला जायचं होतं. मी गेलो रेल्वेनं, येताना भावाच्या गाडीत आलो, माय विमानानं गेली. तेव्हापासून आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात ओळखीतलं कोणी पडलं की फोन येते, "भाऊ, कशानं नेऊ?" फोनवर अर्धंच सांगणं होते म्हणून पूर्ण लिहून काढलं.

पहिले तिकिटाचे पैसे अन् तास बाजूला ठेवा. दोन गोष्टी पाहा. एक, पेशंटचा गुडघा वाकते का अन् तो टेकून नीट बसू शकते का. दुसरी, घरच्या बाजेवरून उठल्यापासून तिकडच्या पलंगावर टेकेपर्यंत त्याला किती वेळा उभं करावं लागते. दुखते ते उठवताना, अन् पडायची भीतीही तेव्हाच असते, बसल्याजागी तेवढं दुखत नाही. मायला विमानानं नेताना घर ते गाडी, गाडी ते व्हीलचेअर, व्हीलचेअर ते सीट, अन् तिकडे तेच उलटं, म्हणजे पाच-सहा वेळा. मला रेल्वेत चढायचं-उतरायचं धरून तेवढंच वाटलं होतं, पण रात्रभरात संडासाला जितक्या वेळा उठलो ते मी धरलंच नव्हतं.

विमानाचं आधी सांगतो कारण लोकांना त्याचीच भीती जास्त अन् माहिती कमी. विमानतळावरची व्हीलचेअर अन् ती ढकलणारा माणूस याचे पैसे लागत नाहीत, पाय मोडलेल्यालाही भेटते, अपंगाचं सर्टिफिकेट मागत नाहीत. फक्त विमान कंपनीला निदान ४८ तास आधी कळवायचं, तिकीट काढतानाच टाकलं तर सगळ्यात बरं. अन् इथंच एक गोष्ट आहे जी आम्हाला कोणी सांगितली नव्हती. व्हीलचेअर तीन प्रकारची मागता येते. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या जमत नाहीत पण विमानात आत गेल्यावर सीटपर्यंत स्वतः चालते. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंतही न्यावं लागते, मग ते अरुंद खुर्ची आणतात जी दोन सीटांच्या मधल्या गल्लीतून जाते.

आमचं तिकीट तालुक्याच्या नेट कॅफेतून काढलं, त्या पोरानं नुसती व्हीलचेअर टाकली, म्हणजे आर. चढताना काही कळलं नाही कारण नागपूरला एरोब्रिज, म्हणजे इमारतीतून विमानाला लागणारा बंद पूल होता, सरळ दारापर्यंत खुर्ची गेली, तिथून चार पावलं वॉकरवर. उतरताना विमान लांब उभं केलं, बाहेर जिना लावला, सगळे उतरून गेले अन् खालचा माणूस वर येऊन विचारते, आजी पायऱ्या उतरता येतील ना, कागदावर तर तसंच आहे. माय दाराशी दांडा धरून उभी, तिचे हात थरथरत होते, माझ्याकडे पाहून म्हणे, "बाबू, मले नाही होत रे." मी साफ नाही म्हटलं. मग लिफ्टची गाडी बोलावली, ती म्हणजे ट्रकवर खोलीसारखा डबा असते, तो वर उचलून विमानाच्या दाराला टेकवतात अन् खुर्ची आत घेतात. ती यायला पाऊण तास गेला, तोवर मायला पहिल्या रांगेत परत बसवलं. कागदावर सी असता तर गाडी आधीच येऊन उभी असती. म्हणून माझं ऐका, थोडंफार चालता येत असलं तरी जिना जमत नसेल तर एस किंवा सी सांगा अन् तिकिटावर आलं का ते डोळ्यांनी पाहा.

म्हातारे आई-बाप दोघंही जाणार असतील तर दोघांसाठी वेगवेगळी व्हीलचेअर लिहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर ८० वर्षांचे एक गृहस्थ, एकच खुर्ची आली त्यात बायकोला बसवलं अन् स्वतः तिच्यासोबत चालत गेले, वाटेत कोसळले अन् वारले. डीजीसीएनं, म्हणजे विमानांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, त्या विमान कंपनीला ३० लाखांचा दंड केला. दंडानं काय होते, माणूस गेला तो गेला.

आता प्लास्टर. ताजं प्लास्टर घालून लगेच विमानात बसू नका. साधारण नियम असा की दोन तासांच्या आतलं उड्डाण असेल तर प्लास्टरला २४ तास झालेले पाहिजेत, त्याहून लांब असेल तर ४८ तास. कारण पायाला सूज येते अन् बंद प्लास्टरमध्ये तिला जागा नसते, रक्त अडते. नाहीतर डॉक्टर प्लास्टर लांबीनं कापून देतात. विमानात आतली हवा जमिनीसारखी नसते, सहा ते आठ हजार फुटांवर असावी तेवढी विरळ ठेवतात, आपलं चिखलदरा साडेतीन हजारांच्या थोडं वर आहे, त्याच्या दुपटीचा हिशोब धरा. हवा भरायची पट्टी पायाला असेल तर तीही वर फुगते, थोडी हवा आधी सोडावी लागते. डॉक्टरकडून प्रवासाला चालते म्हणून चिठ्ठी घ्या, कोणत्या तारखेला काय ऑपरेशन झालं, रॉड का प्लेट हे त्यात लिहून घ्या.

सिक्युरिटीत काय होते याची मायला जास्त काळजी होती, साडी सोडायला लावतील का म्हणे. तसं काही नाही. खुर्चीतून उठवत नाहीत, वॉकर नाहीतर कुबड्या मशीनमधून घालतात, बायांना पडद्याआड बाईच तपासते, हातातलं यंत्र खुब्याजवळ वाजलं तर सांगायचं ऑपरेशन झालं, चिठ्ठी दाखवायची. माझ्यासारखं प्लास्टर असेल तर त्यावर कापडाची पट्टी घासून ती मशीनमध्ये तपासतात, दुखत नाही. व्हीलचेअरवाल्यांना चढवतात सगळ्यांच्या आधी अन् उतरवतात सगळ्यांच्या शेवटी, म्हणून घ्यायला येणाऱ्याला अर्धा-पाऊण तास उशीरच सांगून ठेवा.

विमानाची अडचण आहे ती सीटची. पाय लांब करून ठेवायची जागा नाही, गल्लीत पाय ठेवू देत नाहीत, इमर्जन्सी दारापाशी रुंद जागा असते पण तिथं जखमी माणसाला बसू देत नाहीत. मांडीपासून खालपर्यंत सरळ प्लास्टर असेल तर कंपन्या जास्तीच्या सीटा घ्यायला लावतात. खुब्याचं ऑपरेशन झालेल्याला खोल सीटवर बसायचं नसते, खुबा जास्त वाकतो, म्हणून ताईनं टणक उशी पाठवली होती, तीच टाकून माय बसली. नागपूर ते पुणे हवेत दीड तासाच्या आतबाहेर, तेवढं तिला निभलं. संडासाला तिनं घरून अन् नागपूर विमानतळावर जाऊन घेतलं, तिथं व्हीलचेअर आत जाईल एवढा मोठा संडास असते, विमानात जायची गरजच पडली नाही. पण भीतीनं पाणी बंद नका करू.

रक्ताच्या गाठीबद्दल डॉक्टरला नक्की विचारा, मोडलेल्या पायात ती व्हायची शक्यता वाढते. लोक म्हणतात विमानात गाठ होते, रेल्वेनं जावं. खरं तर विमान असो, बस असो, कार असो, चार तासांच्या वर एका जागी बसून राहिलं की धोका वाढते, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्येच सांगितलं. म्हणजे दीड तासाच्या विमानापेक्षा बारा तासांची खुर्ची वाईट. म्हणूनच नागपूरच्या अजनी स्टेशनवरून सुटणारी अजनी-पुणे वंदे भारत, जी ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे अन् वर्धा-बडनेऱ्यालाही थांबते, ती कितीही चांगली असली तरी पाय मोडलेल्यासाठी मी नाही म्हणेन. बारा तास बसून, पाय खाली लोंबत. रक्त पातळ करायची गोळी मात्र स्वतःच्या मनानं घेऊ नका, अॅस्पिरिनसुद्धा नाही.

रेल्वेत जायचं तर झोपून जा अन् टू एसीचा खालचा बर्थ पाहा. थ्री एसीत मधला बर्थ उघडला की तुम्हाला उठून नीट बसता येत नाही, मी एकदा डोकं आपटून घेतलं. टू एसीत तसं नाही, पाय उशीवर उंच ठेवून रात्रभर पडून राहता येते, अन् विमानात हे सुख कोणत्याच पैशात सहजी भेटत नाही. गुडघा वाकत नसेल, सरळ प्लास्टर असेल, तर मी डोळे मिटून रेल्वे सांगतो. पण स्टेशन नीट निवडा. आमच्याकडून पुलगाव जवळ आहे म्हणून लोक तिथून चढवायला पाहतात, गाडी थांबते दोन मिनिटं, तेवढ्यात कुबड्या, पेटी अन् माणूस वर घ्यायचा म्हणजे जीव टांगणीला. वर्ध्याहून चढा. स्टेशन मास्तरच्या ऑफिसात व्हीलचेअर असते, मागितली की देतात, ढकलायला हमाल केला तर त्याचे पैसे. गाडी कोणत्या फलाटावर, पूल चढावा लागते का, हे आदल्या दिवशी कोणाला पाठवून विचारून घ्या. अन् डब्याच्या त्या तीन उभ्या पायऱ्यांसाठी दोन धडधाकट माणसं लागतात, एक वरून ओढणारा, एक खालून आधार देणारा.

रेल्वेत मला खरा त्रास झाला तो संडासाचा. चालती गाडी, ओली फरशी, बगलेत कुबड्या, एक हात दाराला. रात्री तीनला मनमाडच्या अलीकडे गाडीनं झटका दिला अन् कुबडीचं रबर घसरलं, भावानं मागून कमरेला धरलं म्हणून वाचलो. एकट्यानं रेल्वेत जाऊ नका. विमानात एकटा माणूस जाऊ शकते कारण तिथं दारापासून दारापर्यंत कोणीतरी सोबत असते, रेल्वेत स्टेशनबाहेर सोडलं की तुमचं तुम्ही.

गाडीचं थोडक्यात. अंगणातून निघून अंगणात उतरता, दोनदाच उचलणं, हे मोठं सुख आहे. समृद्धी महामार्गावर आमच्या जवळच्या विरूळला चढलं की संभाजीनगरपर्यंत धक्का नाही, पुढं नगर-पुणे रस्त्यावर ट्रॅफिक लागते अन् दहा-अकरा तास होतातच. दर दीड-दोन तासांनी थांबा, पाय हलवा. मागच्या सीटवर आडवं झोपवून नेतात तसं नका करू, पट्टा नसते, जोरात ब्रेक लागला तर माणूस खाली येते. समोरची सीट मागं सारून, पट्टा लावून, पायाखाली उशी, असं मी आलो. ट्रॅव्हल्सच्या स्लीपरनं मात्र बिलकुल नका नेऊ, आत शिरायलाच अंग वाकडं करावं लागते अन् संडास नसते.

मुंबईला जायचं असेल अन् घर अमरावती-यवतमाळकडे असेल तर अमरावतीजवळचं बेलोऱ्याचं विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झालं आहे. तिथून जाणारं विमान छोटं, पंख्याचं एटीआर, त्याला एरोब्रिज लागत नाही, विमानाच्याच दारातून पायऱ्या खाली येतात. पायऱ्या कमी आहेत पण आहेतच, म्हणून उचलून न्यायची काय सोय आहे हे कंपनीला फोन करून विचारा अन् रोजचं उड्डाण नसते, वार पाहूनच दवाखान्याची तारीख घ्या.

मग कशानं न्यायचं? टेकून बसता येते, गुडघा वाकते, डॉक्टरनं हो म्हटलं, तर विमान, त्यातही म्हातारं माणूस असेल तर नक्कीच. पाय सरळ ठेवायचा आहे अन् सोबत दोन माणसं आहेत तर टू एसी. सोबत एकच माणूस, सामान जास्त अन् घरची गाडी आहे तर गाडी. बसताच येत नसेल तर या तिन्हींचा विचार सोडा, अॅम्ब्युलन्स पाहा, काही कंपन्या विमानात स्ट्रेचर नेतात पण त्यासाठी कितीतरी सीटांचे पैसे भरावे लागतात.

माय अजून ताईकडेच आहे. परवा तिचं परतीचं तिकीट काढलं, विमानाचंच. या वेळी मी स्वतः कंपनीला फोन केला, सी लिहायला लावलं, अन् त्यांच्याकडून मेसेज येईपर्यंत फोन ठेवला नाही.