पाळी जाण्याआधीचा जास्त रक्तस्राव: गोळ्या, हार्मोनची कॉपर टी की पिशवी काढणं?

पंचेचाळिशीच्या आसपास पाळीला अंगावरून फार जायला लागलं की बाईला दोन सल्ले हमखास मिळतात. एक, या वयात असं व्हायचंच, थोडे दिवस सोसा. दुसरा, मुलंबाळं झालीत ना, मग पिशवी काढून मोकळ्या व्हा. या दोन टोकांच्या मधे बरेच उपचार आहेत, आणि माझ्या मते बहुतेकींचं उत्तर त्या मधल्या जागेतच सापडतं. फक्त निवडण्याआधी दोन गोष्टी ठाऊक हव्यात: रक्तस्राव कसा होतोय आणि पाळी जायला अजून किती वर्षं असतील.

आधी ‘फार’ म्हणजे किती, ते बघू. एका पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं. 80 च्या पुढे गेलं तर ते जास्त, ही पुस्तकी व्याख्या. मिलिलिटर कुणी मोजत बसत नाही, म्हणून 1990 पासून पॅडच्या चित्रांचा एक तक्ता वापरला जातो. थोडासा डाग पडलेल्या पॅडला 1 गुण, मध्यम भिजलेल्याला 5, पूर्ण भिजलेल्याला 20. रक्ताची लहान गुठळी पडली तर 1, मोठी पडली तर 5. पूर्ण पाळीची बेरीज 100 च्या वर गेली की रक्तस्राव जास्त धरायचा. दुसऱ्या दिवशी पूर्ण भिजलेले चार पॅड आणि तिसऱ्या दिवशी मध्यम भिजलेले चार, एवढ्यातच शंभरी भरते. पॅड किती शोषतं यावर हा हिशेब थोडा इकडेतिकडे होतो, पण दोन पाळ्यांचा असा कागद डॉक्टरांसमोर ठेवला की ‘खूप जातं हो’पेक्षा बोलणं पुष्कळ पुढे सरकतं. आणि कागद नसला, तरी रात्री पॅड बदलायला उठावं लागतं, पाळीच्या तारखा बघून प्रवास ठरवावा लागतो, चादर खराब होण्याची धास्ती असते, एवढंही उपचार मागायला पुरेसं आहे.

आता रक्तस्राव कसा होतो ते. काहींची पाळी वेळेवर येते, पण धो धो जाते. काहींची दोन महिने येतच नाही, आणि आली की पंधरा दिवस थांबायचं नाव घेत नाही. वरून दोन्ही सारखंच वाटतं, पण आतलं कारण बहुधा वेगळं असतं. दुसऱ्या प्रकारात बरेचदा त्या महिन्यात बीज बाहेर पडलेलंच नसतं. बीज बाहेर पडलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र चालू असतं, त्यामुळे पिशवीचं अस्तर जाड होत जातं आणि मग कधीतरी तुकड्यातुकड्यांनी सुटू लागतं. वेळेवर येणाऱ्या जड पाळीमागे फायब्रॉइड म्हणजे पिशवीतली साधी गाठ, अस्तराच्या पेशी पिशवीच्या स्नायूत शिरणं म्हणजे अ‍ॅडेनोमायोसिस, किंवा अस्तरातलाच रक्त थांबवण्याचा दोष असू शकतो. पॉलिप म्हणजे अस्तरावरचा छोटा कोंब, थायरॉइडचा बिघाड, साधी तांब्याची कॉपर टी आणि रक्त पातळ करण्याची औषधं यांचाही हात असू शकतो. म्हणून सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि गरजेप्रमाणे थायरॉइडची तपासणी, एवढं झाल्याशिवाय पर्यायांची तुलना करण्यात अर्थ नाही. या वयात गर्भ राहू शकतो, तेव्हा ती चाचणीही. वय 45 च्या पुढे असेल तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायला पाठवतात. वजन जास्त असेल किंवा मधुमेह असेल तर त्याआधीही. कॅन्सर निघण्याची शक्यता कमी असते, पण तो नाही हे कळल्यावरच शांतपणे निवडता येतं.

ट्रानेक्सामिक अ‍ॅसिड की मेफेनामिक अ‍ॅसिड

या दोन्ही गोळ्या फक्त रक्त जाण्याच्या दिवसांत घ्यायच्या, आणि दोन्हींत हार्मोन नाही. ट्रानेक्सामिक अ‍ॅसिडमुळे तयार झालेली गुठळी लवकर विरघळत नाही. सहसा 1 ग्रॅम दिवसातून तीनदा, चार-पाच दिवस. रक्तस्राव जवळपास निम्म्यावर येऊ शकतो. मेफेनामिक अ‍ॅसिडने तितका फरक पडत नाही, साधारण पाव ते एक तृतीयांश, पण पोटात कळा येत असतील तर तीच गोळी दोन्ही कामं करते. अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर मेफेनामिक टाळतात. पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाल्याचा इतिहास असेल तर ट्रानेक्सामिक नाही. डॉक्टरांनी सांगितलं तर दोन्ही एकत्र चालतात. मर्यादा एवढीच की पाळीच्या तारखा यांनी ताळ्यावर येत नाहीत. वेळेवर पण जड जाणारीला या गोळ्या फार उपयोगी. वेळी-अवेळी पंधरा-पंधरा दिवस जाणारीला मात्र यांनी मूळ दुखणं तसंच राहतं.

हार्मोनच्या गोळ्या की हार्मोनची कॉपर टी

खरी निवड बहुतेकदा इथे होते, म्हणून जरा सविस्तर.

नॉरएथिस्टेरॉनसारखी प्रोजेस्टेरॉनच्या जातीची गोळी सुरू असलेला रक्तस्राव थांबवायला चांगली. पण ती बंद केल्यावर दोन-चार दिवसांत पुन्हा रक्त जातं, आणि हे आधी कुणी सांगितलेलं नसलं की बाई घाबरते, औषध वाया गेलं असं समजते. ते अपेक्षितच असतं, जाड झालेलं अस्तर बाहेर पडत असतं. महिन्यातले दहा-बारा दिवस ही गोळी घेतली तर अनियमित पाळीला शिस्त लागते आणि अस्तर जाड होण्यापासून वाचतं. वेळेवर येणाऱ्या जड पाळीला मात्र तेवढे दिवस पुरत नाहीत, सुमारे तीन आठवडे घ्यावी लागते. मग पोट फुगणं, छाती दुखणं, चिडचिड, आणि मुख्य म्हणजे गोळी विसरणं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही पाळी हलकी होते, शिवाय अंगातून वाफा येणंही कमी होतं. पण पस्तिशीनंतर धूम्रपान, रक्तदाब, डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी किंवा गुठळीचा इतिहास यांपैकी काहीही असलं तर त्या नकोत.

हार्मोनची कॉपर टी, म्हणजे मिरेनासारखं साधन. यात तांबं नसतं, त्यामुळे ‘कॉपर टीने तर जास्त जातं’ ही ऐकीव भीती इथे लागू नाही. त्यातलं 52 मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल थोडं थोडं थेट अस्तरावर सुटत राहतं, त्यामुळे अस्तर पातळ होतं. काही महिन्यांत रक्तस्राव 70 ते 95 टक्क्यांपर्यंत कमी होतो, काहींची पाळी बंदच होते. पाळी बंद झाली तरी रक्त आत साठत नाही. अस्तरच वाढत नाही, तर जाणार काय? 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात 571 स्त्रियांपैकी निम्म्यांना हे साधन आणि निम्म्यांना नेहमीची औषधं दिली होती. दोन वर्षांनी साधनावर टिकलेल्या 64 टक्के होत्या, औषधांवर 38 टक्के.

म्हणजे 64 टक्के टिकल्या, तशा बाकीच्या टिकल्या नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे. पहिले तीन ते सहा महिने रोज थोडंथोडं डाग पडणं चालूच राहतं. रक्त कमी व्हावं म्हणून बसवलं आणि आता रोज पॅड, असं होऊन पुष्कळ जणी ते ऐन सुधारण्याच्या वेळी काढून टाकतात. सहा महिने धीर धरायची तयारी नसेल तर बसवूच नका, असं मी म्हणेन. बसवताना दुखतं, वेदनाशामक किंवा भूल मागायला संकोच करू नये. फायब्रॉइडने पिशवीचा आकारच बिघडला असेल तर ते निसटू शकतं. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर हा पर्याय बाद.

या वयात याचा एक फायदा फारसा बोलला जात नाही. गर्भनिरोधनाची सोय तर होतेच, पण पुढे वाफांसाठी इस्ट्रोजेन सुरू करावं लागलं, तर अस्तराचं रक्षण करणारं वेगळं औषध सहसा लागत नाही. ते काम हेच करतं.

अस्तर जाळणं की पिशवी काढणं

अ‍ॅब्लेशनमध्ये पोटावर काप नसतो. उष्णतेने अस्तर नष्ट करतात, बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात आणि काही दिवसांत कामाला लागता येतं. पण त्यानंतर गर्भ राहिला तर धोका मोठा, म्हणून मूल नको हे पक्कं असावं लागतं आणि पाळी जाईपर्यंत गर्भनिरोधन चालूच ठेवावं लागतं. अ‍ॅडेनोमायोसिस किंवा आत डोकावणारा मोठा फायब्रॉइड असेल तर गुण कमी येतो. अस्तर पुन्हा वाढू शकतं, त्यामुळे चाळिशीतल्या बाईपेक्षा पन्नाशीला टेकलेलीला हा उपाय जास्त पुरतो.

पिशवी काढली की पाळीचा प्रश्न कायमचा मिटतो, यात दुमत नाही. 2019 मधल्या 660 स्त्रियांच्या अभ्यासात, दुर्बिणीने पण गर्भाशयमुख ठेवून पिशवी काढलेल्यांपैकी 97 टक्के पंधरा महिन्यांनी समाधानी होत्या, अ‍ॅब्लेशन झालेल्यांपैकी 87 टक्के. म्हणजे हा उपाय वाईट नाही, फक्त तो परत फिरवता येत नाही. विश्रांती चार ते सहा आठवड्यांची, शिवाय मूत्राशय-आतड्याला इजा होण्याची थोडी शक्यता. मोठे फायब्रॉइड असतील, अ‍ॅडेनोमायोसिसने जीव नकोसा झाला असेल किंवा बाकी उपाय करून झाले असतील तर तो घेताना अपराधी वाटायचं कारण नाही. मात्र ‘अंडाशय ठेवणार ना?’ हे सहीआधी विचारा. तेही काढले तर पाळी एका दिवसात जाते आणि हाडांवर परिणाम होतो.

क्युरेटिंग, म्हणजे अस्तर खरवडून काढणं, तपासणीसाठी किंवा तातडीला ठीक, त्याने मिळणारा आराम फार टिकत नाही. पॉलिप किंवा आतला छोटा फायब्रॉइड दुर्बिणीने नेमका काढता येतो, तिथे वरची तुलना गैरलागू.

मग ठरवायचं कसं? 51 व्या वर्षी, तपासण्या स्वच्छ, पाळ्यांमधलं अंतर वाढत चाललेलं, अशी स्थिती असेल तर पाळीपुरत्या गोळ्यांवर उरलेले महिने निघू शकतात. 43 व्या वर्षी तेच केलं तर सात-आठ वर्षं गोळ्या घेत राहावं लागेल. तिथे मी आधी हार्मोनची कॉपर टी बघेन.

यांतलं काहीही निवडा, लोह भरून काढणं त्याच दिवशी सुरू करा. हिमोग्लोबिन 12 च्या वर असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं, आणि थकवा, केस गळणं, जिना चढताना लागणारी धाप ‘वयामुळे’ म्हणून खपून जाते. लोहाची गोळी चहा, कॉफी, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको. पोटाला सोसत नसेल तर एक दिवसाआड घेतली तरी चालते. हिमोग्लोबिन ताळ्यावर आल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवतात, नाहीतर साठा रिकामाच राहतो.

दोन प्रसंगी मात्र तुलना करत बसायचं नाही. दर तासाला पॅड भिजतंय आणि ते दोन तासांहून जास्त चाललंय, चक्कर येतेय, छाती धडधडतेय, तर सरळ तातडीच्या विभागात जायचं. आणि बारा महिने पाळी आलीच नाही, मग अचानक एखादा डाग जरी दिसला, तर ती ‘परत आलेली पाळी’ समजू नये. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराची तपासणी करून घ्यावी.