हेल्मेट सांगून टोपी घातली

22,149 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "कितीला गेला रे?" हा प्रश्न मिटला. 9,250 ॲडव्हान्स, 9,900 माल निघण्याआधी (त्यात 650 कुरियरचे) आणि 2,999 "रिफंडेबल ट्रान्झिट इन्शुरन्स"चे. बदल्यात काय आलं? काही नाही. वीटसुद्धा नाही. वीट आली असती तर निदान पार्सल फोडतानाचा व्हिडिओ तरी पोलिसांना दाखवता आला असता.

वस्तू होती आयर्न मॅनचं हेल्मेट. मार्क 46 (सिनेमातल्या त्याच्या चिलखताचा नंबर), डोक्यात घालता येणारं, मोटरवर वर उघडणारा चेहरा, डोळ्यांत एलईडी. मुंबई कॉमिक कॉनला, म्हणजे जिथे लोक कॉमिक्समधल्या पात्रांचे वेश करून जातात त्या मेळाव्याला, घालून जायचं म्हणून एका ॲपवर भेटलेल्या मेकरकडे सांगितलं.

"स्वस्तात मिळतंय म्हणून हावरटपणा केलास" असं आतापर्यंत चार लोकांनी ऐकवलंय, त्यांच्यासाठी हिशोब मांडतो. मोठ्या माणसाच्या डोक्याचं हेल्मेट थ्रीडी प्रिंटरवर छापायला साधारण किलोभर पीएलए (त्या प्रिंटरचं प्लास्टिक) लागतं, मशीन दोन-तीन दिवस अखंड चालतं, आणि खरा घाम त्यापुढेच गळतो. 80 नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात, मग 120, 220, 400. मध्ये गॅरेजवाले पत्र्याला भरतात ती लांबी (पुट्टी), मग प्रायमर, परत घासणं, परत प्रायमर. वर मोटर, सर्किट, चुंबकं, लाल आणि सोनेरी रंग, क्लिअर कोट. एवढ्या मेहनतीला त्याने सांगितलेली 18,500 ही भामट्याची किंमत वाटत नाही. कारागिराची वाटते. त्याने 4,000 सांगितले असते तर मी ढुंकूनही पाहिलं नसतं. म्हणून पहिली गोष्ट डोक्यात ठेवा: हल्ली हे लोक स्वस्त विकत नाहीत.

आणि मी या धंद्यात नवखाही नाही. पेपाकुरा या सॉफ्टवेअरचे नमुने ए4 कागदावर छापून, चपलांना वापरतात त्या ईव्हीए फोममधून कापून, हीट गनने वळवून, फेविकॉल एसआर 998 ने चिकटवून मी मॅग्नेटो केलाय, कॅप्टन अमेरिका केलाय. मोटर मात्र मला जमत नाही. शिवाय डोंबिवलीच्या वन-बीएचकेत प्लास्टिक घासायला बसलं की धूळ थेट शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. म्हणून एकदा विकतचं घ्यावं म्हटलं.

आता हा माणूस बोलायचा कसा ते ऐका. त्याने आधी डोक्याचा घेर विचारला. मी 59 सेंटीमीटर सांगितला. मग हनुवटीपासून टाळूपर्यंतची उंची. मग चष्मा लावता का? कारण चष्मेवाल्याला आतलं पॅडिंग गालाजवळ कमी द्यावं लागतं. मोटर कुठली म्हणून मी मुद्दाम खोदून विचारलं, तर म्हणे, "एसजी90 चे गिअर प्लास्टिकचे असतात भाऊ, दोन इव्हेंटमध्ये दात जातात. मी एमजी90एसच टाकतो." वर फुकटचा सल्ला: पीएलए साठ डिग्रीला मऊ पडतं, मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, आयर्न मॅनचा जबडा लोंबायला लागेल. अहो, चष्म्याची चौकशी करणाऱ्या माणसाला चोर कोण समजेल? मी तरी समजलो नाही, आणि माझ्या जागी तुम्हीही समजला नसतात.

पैसे भरताना स्क्रीनवर भलत्याच बाईंचं नाव आलं. विचारलं तर म्हणे वहिनींचं खातं आहे, माझ्याला जीएसटीमुळे लिमिट आलंय. जीएसटीमुळे लिमिट! हे वाक्य आज परत वाचलं की डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं. भामट्यांचं खातं भाड्याचं, दुसऱ्याच्याच नावावरचं असतं हे सगळ्यांना माहीत आहे, मलाही माहीत होतं. पण आपल्याकडे निम्मे छोटे धंदे बायकोच्या नाहीतर वहिनीच्या खात्यावरच चालतात, त्याचं काय करायचं?

खरी ठेच लागायला हवी होती ती पुढच्या फोटोंपाशी. तो नियमाने फोटो पाठवत होता. पहिल्यात राखाडी, नुकतंच छापलेलं हेल्मेट, कपाळावर एकावर एक चढलेल्या प्लास्टिकच्या थरांच्या बारीक आडव्या रेषा. आठवड्याने दुसरा फोटो, "घासून झालं, आता प्रायमर". त्यातही भुवईच्या वर थोड्या रेषा उरलेल्या दिसत होत्या. पण तिरक्या. आडव्या नव्हे, तिरक्या! एकदा वस्तू छापून झाली की थरांची दिशा ब्रह्मदेवही बदलू शकत नाही. रेषा तिरक्या म्हणजे वस्तू मशीनवर वेगळ्या कोनात ठेवून छापलेली, म्हणजे ते हेल्मेटच दुसरं. ज्या रेषा घासता घासता माझ्या बोटांची कातडी गेलीय त्या मला कळत नाहीत असं नाही. मी विचारलंसुद्धा, "रेषा वेगळ्या दिसतायत." उत्तर आलं, "लाइटमुळे, भाऊ." आणि मी काय केलं असेल? अंगठा पाठवला.

त्याच फोटोच्या कोपऱ्यात भिंतीवरचा प्लग पॉइंट होता. दोन उभ्या चिरा आणि खाली एक भोक. आपल्याकडे तीन गोल भोकं असतात, हा अमेरिकेतला पॉइंट. भाऊ स्वतःला बेंगळुरूचा म्हणवत होता. तेव्हा वाटलं, असेल कुठला तरी मल्टी-एक्स्टेन्शन बोर्ड. भिंतीत चिणलेला एक्स्टेन्शन बोर्ड! कुणा अमेरिकन पोराने मेहनतीने केलेल्या हेल्मेटचे फोटो होते ते, दुसरं काय. गूगल लेन्सवर टाकायला अर्धं मिनिट लागलं असतं. तुम्ही टाका.

आणि फोटो मागूच नका. व्हिडिओ कॉल मागा. हेल्मेट उलटं करून आतली बाजू दाखवायला सांगा, आत पेनने तुमचं नाव लिहून दाखवायला सांगा. खरा मेकर आतली बाजू दाखवताना जरा लाजतो, कारण आत सगळा डिंक आणि वायरी असतात, पण दाखवतो. हा "वर्कशॉपमध्ये नेटवर्क नाही" म्हणाला.

उरलेले 9,900 गेल्यावर ट्रॅकिंग नंबर आला, तो कुठल्याच कुरियरच्या साइटवर चालेना. मग "कुरियर कंपनी"तून एका बाईंचा फोन. नाजूक वस्तू आहे, इन्शुरन्स भरा, डिलिव्हरीच्या वेळी परत मिळेल. 2,999. हे का भरले ते मला सांगता येणार नाही. 19,150 आधीच अडकले होते आणि अडकलेले पैसे सोडवायला माणूस आणखी पैसे टाकतो, सगळ्या भामट्यांचं घर त्यावरच चालतं. त्यानंतर रिफंडसाठी म्हणून क्यूआर कोड आला. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही हे मला ठाऊक आहे. तो स्कॅन केला नाही. एवढा काही मी हा नाही.

त्याने ब्लॉक करायच्या आत चॅटचे स्क्रीनशॉट काढले होते, हे एक बरं झालं. तुम्ही व्यवहार चालू असतानाच काढत जा. नंतर समोरचा सगळं "डिलीट फॉर एव्हरीवन" करतो. प्रत्येक यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर वेगळा लिहून ठेवा.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. मग पोलीस ठाण्यात गेलो. कुठलं ते लिहीत नाही, सगळी सारखीच असावीत. समोरच्या साहेबांनी विचारलं, "हेल्मेट कुठल्या कंपनीचं?" म्हटलं, कंपनीचं नाही, हाताने बनवलेलं. "मग आयएसआय मार्क नसणार. मार्क नसलेलं घेताच कशाला?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मार्क 46 होतं." शेजारचे दोघे पोलीस पोट धरून हसले. मग म्हणे घरात लहान मुलं किती? म्हटलं, मुलं नाहीत, मलाच हवं होतं. साहेबांनी पेन खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की फसवणाऱ्यापेक्षा मीच जास्त संशयित. शेवटी अर्जावर लिहिलं काय, तर "दुचाकीचे हेल्मेट". दुरुस्त करा म्हटलं तर, "अहो, कोर्टाला कळलं पाहिजे ना."

खातं परराज्यातलं, तिकडे जा, म्हणाले. मी म्हटलं, नव्या कायद्यात, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम 173 मध्ये, गुन्हा कुठेही घडला असला तरी नोंदवून घ्यायचा असतो. त्यावर उत्तर, "एवढं माहीत आहे तर फसलात कसे?" फसवणुकीला बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) 318 आहे, ऑनलाइन तोतयेगिरीला आयटी ॲक्टचं 66-डी आहे, सगळं आहे. बसायला खुर्ची तेवढी नव्हती. बाकावर चाळीस लाख गेलेले एक निवृत्त काका बसले होते. त्यांच्याकडे बोट दाखवून मला सांगण्यात आलं की बघा, याला म्हणतात तक्रार. म्हणजे 22,149 हे पैसेच नव्हेत! माझा महिन्याचा घराचा हप्ता त्याहून कमी आहे, साहेब.

बँकेत वेगळीच तऱ्हा. शाखा म्हणते कस्टमर केअरला कळवा, कस्टमर केअर म्हणतं शाखेत अर्ज द्या. अर्ज दिला तर मॅडम म्हणाल्या, "पिन तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार अधिकृत आहे." रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये परिपत्रक काढलं होतं, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य वगैरे, पण ते तुमच्या परवानगीविना गेलेल्या पैशांसाठी. आपण आपल्या बोटांनी पिन दाबला की परिपत्रक आपल्या कामाचं नाही, हे आधीच समजून ठेवा. ज्या ॲपवर तो माणूस भेटला तिथेही अकाउंट रिपोर्ट केलं. उत्तर आलं, आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.

त्या वहिनींच्या खात्यात शेवटी 1,140 रुपये होल्ड झाले. बाकीचे आधीच पुढे सरकलेले. हे 1,140 हवे असतील तर कोर्टाचा आदेश आणा, असं मला ठाण्यात सांगितलं. वकील पहिल्या भेटीचेच 1,500 मागतो.

परवा तेच हेल्मेट, तोच अमेरिकन प्लग पॉइंट, नव्या नावाच्या अकाउंटवर दिसलं. किंमत आता 19,500. भाव वाढवलाय लेकाने. कमेंटमध्ये "भिंतीवरचा प्लग बघा" एवढंच लिहिलं, तर पाच मिनिटांत मला ब्लॉक. ठाण्यातल्या साहेबांनी जाता जाता एक कामाची गोष्ट सांगितली होती: एकाच खात्यावर चार-पाच तक्रारी आल्या की वरचे लोक फाइल हातात घेतात. तेव्हा भुवईवर तिरक्या रेषा असलेलं हे मार्क 46 आणखी कुणी "बुक" केलं असेल, तर लाज बाजूला ठेवा, 1930 वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक मला कळवा. अर्जावर दुचाकीचं हेल्मेट लिहिलं असलं तरी चालेल.